पांढरीला हळद लागली

पृथ्वीवरच्या समस्त मानवजातीचा श्वास एका शुभ्र चौकोनावर अवलंबून होता. हा चौकोन दीड फूट लांब आणि दीड फूट रुंद होता, आणि काम झालं की नाना इंगवले तो गोधडीत गुंडाळून ठेवत.

गोधडी सरकारी नव्हती. सरकारी आच्छादन आलं होतं, ते पहिल्याच हिवाळ्यात उंदरांनी खाल्लं. दुसऱ्यासाठी मागणीपत्र गेलं, त्याला आता अठरा वर्षं होत आली होती.

माण तालुक्यातल्या पांढरमाळावर कुसळसुद्धा धड उगवत नाही. त्यामुळे शेतकरी तिकडे फिरकत नाहीत आणि शास्त्रज्ञ मात्र त्याच्यावर लुब्ध असतात. मैलोगणती एकसारखी, कोरडी, चुनखडीची फिकट जमीन. अवकाशातून पाहणाऱ्या यंत्राची नजर तपासायला याहून चांगला तक्ता मिळायचा नाही. म्हणून तिथे दोन खोल्या, पाण्याची टाकी आणि तारेचं कुंपण घालून पडताळणी केंद्र उभं राहिलं. केंद्राच्या प्रमुख डॉ. सुमेधा बिडवे, वय सेहेचाळीस. केंद्राचा उरलेला कर्मचारीवर्ग म्हणजे नाना, वय एकसष्ट.

काम सांगायला सोपं होतं. 'वायुदर्शी' उपग्रह रोज दुपारी एक वाजून बत्तीस मिनिटांनी डोक्यावरून जाई. त्याच्या पोटात वर्णपटमापक होता. जमिनीवरून परतलेल्या उजेडाचे तो हजार बारीक रंग करी आणि त्यातला कुठला रंग वाटेत कुणी खाल्ला ते पाही. प्रत्येक वायूची खाण्यापिण्याची आवड ठरलेली असते. गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड निळा प्रकाश खातो. निळा जितका कमी परत येईल, तितका तो वायू जास्त. पण अवकाशात यंत्राची काच म्हातारी होत जाते. मग निळा वाटेत खाल्ला गेला की यंत्रालाच दिसेनासा झाला, हे कसं कळायचं? त्यासाठी त्याच क्षणी खाली माळावर एक माणूस उभा लागतो. तो जमिनीचा रंग मोजतो आणि हाताशी असलेल्या एका पक्क्या पांढऱ्या पटलाशी ताडून पाहतो. पटल म्हणजे शंभर टक्के. बाकी सगळं जग त्याच्या खाली.

कागदोपत्री त्याचं नाव 'धवलपटल क्रमांक तीन' होतं. नाना त्याला 'पांढरी' म्हणत. गावात काळी म्हणजे शेताची माती आणि पांढरी म्हणजे वस्तीची. दोन्हींना पाय लावायचा नाही, एवढं नानांना ठाऊक होतं, आणि एकोणीस वर्षं केंद्र त्या एवढ्याशा माहितीवर नीट चाललं होतं.

जगात अशी आणखी दोन केंद्रं होती. एक दक्षिण अमेरिकेतल्या मिठाच्या पठारावर, दुसरं वाळवंटात. वाळवंटातलं त्या वर्षी वादळात बुजलं होतं आणि मिठाच्या पठारावर दुरुस्ती चालू होती. म्हणजे त्या ऑक्टोबरात वायुदर्शीचा चष्मा ठरवण्याचा सगळा अधिकार पांढरमाळाकडे, म्हणजे गोधडीकडे आला होता.

आणि चष्म्याला आता किंमत आली होती. तीन वर्षांपूर्वी 'मोकळ्या हवेचा कायदा' झाला. दुपारी चार वाजता उपग्रहाचा आकडा येई आणि प्रत्येक शहराचा प्रत्येक प्रभाग त्या दिवसापुरता 'मोकळा' किंवा 'बंद' ठरे. बंद म्हणजे डिझेल बंद, बांधकाम बंद, मैदानं बंद, आणि दमेकऱ्यांनी घरात बसायचं. सलग एकवीस दिवस मोकळे गेले, की प्रभाग वर्षभरासाठी यादीतून सुटे. असा प्रभाग कुणीही कधी पाहिला नव्हता. यंदा दसऱ्यापासून मात्र सगळीकडेच हवा सुधारली. पुण्यात, लखनौत, मिलानमध्ये, जकार्तात. दिवाळीच्या दिवशीसुद्धा हवा स्वच्छ निघाली, तेव्हाच कुणाला तरी शंका यायला हवी होती. पण चांगल्या बातमीची पडताळणी करण्याची पद्धत नाही.

पाडव्याला दुपारी पुण्याहून आईचा फोन आला तेव्हा सुमेधा आलेख पाहत बसली होती.

"सुमे, सुटलो गं आम्ही! आमचा प्रभाग सुटला! खाली पेढे वाटतायत."

"खोकतेयस तू."

"आनंदानं खोकतेय. एकवीस दिवस रोज बागेत जातेय मी. दीड वर्षानं! हास्य क्लबातसुद्धा नाव घातलं. फक्त हसताना खोकते म्हणून मला मागच्या रांगेत उभं केलंय."

"दम्याचा पंप किती वेळा घेतेस?"

"तू सणासुदीचं पंपाचं काय काढतेस? हवा स्वच्छ आहे, तुमचाच उपग्रह सांगतो. मलाच काहीतरी नवीन लागलं असेल. डॉक्टरांनी डोस वाढवलाय." आई जरा थांबली. मग चोरी कबूल करायच्या आवाजात म्हणाली, "बरं ऐक, रागावणार नाहीस ना? दसऱ्याला तुझी ती मोतिया साडी नेसले आणि नेमकी तिच्यावर हळद सांडली. गच्चीत घातली. ऊन पडलं की डाग उतरायचा, आभाळ आलं की जसाच्या तसा. पण गेला हो शेवटी. हळदीला साबण लागत नाही, ऊन लागतं."

"असू दे गं, साडीचं काय," सुमेधा म्हणाली. मग तिचं लक्ष समोरच्या आलेखाकडे गेलं, आणि आई पुढे फराळाचं काय बोलली ते तिला आठवत नाही.

आलेख वायुदर्शीच्या निळ्या नजरेचा होता. दक्षिण अमेरिकेतलं केंद्र परवा सुरू झालं होतं आणि तिथून एक अतिशय सभ्य पत्र आलं होतं: आपल्या निळ्यात आणि आमच्या निळ्यात अडीच टक्क्यांचा फरक दिसतो, चूक अर्थातच आमची असू शकेल. अशा भाषेतलं पत्र आलं की चूक आपली असते, हे सुमेधाला अनुभवानं ठाऊक होतं. आलेखात खंडेनवमीला उपग्रहाची निळी नजर एकदम चार टक्क्यांनी अधू झाली होती आणि मग हळूहळू सुधारत होती. म्हातारी काच सुधारत नाही. शिवाय ही काच विचित्र होती. माळावर ऊन असलेल्या दिवसांनंतर ती सुधारे आणि आभाळ आलेल्या दिवसांनंतर जशीच्या तशी राही. आता, उपग्रह ढगांच्या वर असतो. त्याला बारा महिने ऊन. पांढरमाळावर आभाळ आलं म्हणून तो कशाला थांबेल?

आभाळ आल्यावर थांबणारी गोष्ट खालीच असणार होती. गोधडीत.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. एक वाजता नाना पटलाची पेटी घेऊन माळावर आले. त्यांनी गोधडी उलगडली, पटल तिवईवर ठेवलं, पाणसळीनं सपाट केलं. सुमेधा आज छापखान्यातून आलेला कोरा कागद घेऊन आली होती. गेली चार वर्षं ती आलेख पाहत असे. पटलाकडे पाहण्याची वेळ तिच्यावर आली नव्हती. तिनं कागद पटलाच्या कडेला धरला.

पटल पिवळं होतं. अगदी किंचित, दुधावरच्या सायीइतकं.

"नाना, हा कागद आणि ही पांढरी. काही फरक दिसतो का?"

नानांनी मान आधी डावीकडे, मग उजवीकडे कलती केली. "कागुद जरा खरबरीत हाय."

"रंगात?"

"रंगात काय असनार, म्याडम? पांढऱ्याला पांढरं."

सुमेधानं खिशातून फिकट पिवळी चिठ्ठी काढली. टेबलावर चिकटवतात तसली. "आणि ही?"

"ही बी पांढरीच की." नाना हसले. मग तिचा चेहरा पाहून हसायचे थांबले. चेहरा त्यांना कितपत दिसला कोण जाणे, पण गप्प बसणं त्यांनी ओळखलं. "काय चुकलं का?"

"चिठ्ठी पिवळी आहे, नाना. पांढरीपण पिवळी झालीय."

नाना तिवईशेजारच्या सिमेंटच्या ठोकळ्यावर बसले. उपग्रह यायला अजून वीस मिनिटं होती.

"नवमीला काय झालं?"

"काय न्हाई झालं. दरसालपरमानं पेटीची पूजा केली. तुमी नारळ फोडला न्हवं का." ते आठवू लागले. "पेटीला हळद-कुकू लावलं. झाकान उघडं हुतं. वावटळ आली येक. कुकू पडलं पांढरीवर. त्ये दिसलं मला, लगीच पुसलं. मलमलीच्या फडक्यानं. चांगलं दोन येळा पुसलं."

कुंकू दिसलं. त्याच्या सोबत पडलेली हळद दिसली नाही. आणि नानांनी इतकं मनापासून पुसलं होतं, की ती हळद चौकोनभर एकसारखी पसरली होती. इतका समान थर देणं कुठल्या प्रयोगशाळेला जमलं नसतं.

पुढचं सुमेधाच्या डोक्यात आपोआप जुळत गेलं. हळद पिवळी दिसते, कारण ती निळा खाते, आणि नेमका तोच निळा खाते जो धुरातला वायू खातो. दोघं एका ताटातले. पटल निळ्यात किंचित काळवंडलं, पण गणित त्याला शंभरच धरत राहिलं. त्यामुळे माळाची जमीन अचानक जास्त निळी निघाली. उपग्रहाला काही ती तेवढी निळी दिसेना. मग गणितानं निष्कर्ष काढला, की उपग्रहाची नजर गेली, आणि त्याला निळा वाढवून दाखवणारा चष्मा घातला. त्या चष्म्यातून सगळ्या जगात निळाच निळा. निळा भरपूर म्हणजे धूर कमी. तज्ज्ञ म्हणतील, हळद वर्णपटात पाडते तसला पसरट खड्डा गणितात वजा होतो. बहुतेक होतो. न वजा होता जो उरला, त्यावर पुणं सुटलं होतं.

"डोळ्यांचं कधीपासून, नाना?"

"तीन वरीस झाली. धुकं हाय म्होरं. पिवळं पिवळं, संध्याकाळवानी."

"पण दरवर्षी नजरेचा दाखला आणता तुम्ही."

नाना तारेच्या कुंपणाकडे पाहत म्हणाले, "शिबिरातला तक्ता येकच हाय धा वरसं. प, र, ग, ट, व. खाली क, म, ल, न. पाठ हाय. उलटा बी म्हनून दावतो."

सुमेधाला हसू आलं आणि तिनं ते दाबलं. कारण नियम तिला पाठ होता. दृष्टिदोष लपवणाऱ्याला काढून टाकायचं, आणि पुन्हा कुठल्याही केंद्रावर घ्यायचं नाही. एकोणीस वर्षं हा माणूस रोज एक वाजता पांढरी घेऊन निघाला होता. बायको गेली त्याच्या तिसऱ्या दिवशीही आला होता. सुमेधा म्हणाली होती, "कशाला आलात?" तर म्हणाले होते, "पांढरी कोन काढनार?"

"म्याडम," नाना हळूच म्हणाले, "येक सांगू का? उन्हात ठिवू चार दिस. हळद जातीया. लेकीच्या लग्नात माझ्या धोतराला लागली हुती, नावालाबी ऱ्हायली न्हाई. पांढरी परत पांढरी व्हईल. कुनाला कळायचं न्हाई."

त्यांचं म्हणणं शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष होतं. चार दिवस ऊन, की पुरावा संपला. उद्याचे आकडे बरोबर येऊ लागतील. नाना राहतील, सुमेधाही राहील. कारण रोजच्या तक्त्यात सातवा रकाना होता, 'पटल स्वच्छ असल्याचे स्वतः पाहिले', आणि त्याखाली तिची सही होती. चार वर्षं, न पाहता. नानांना निदान दिसत नव्हतं.

अडचण एकच होती. सुटलेले प्रभाग सुटलेलेच राहणार होते. पुढचे आकडे कितीही बरोबर आले, तरी वर्षभर कुणी ते विचारणार नव्हतं. एकवीस दिवस रद्द करायचे, तर कुणीतरी कारणासह, सहीनिशी, चूक लिहून द्यायला हवी होती.

एक बत्तीस झाले. उपग्रह डोक्यावरून गेला. तो दिसत नाही, पण नाना नेहमीप्रमाणे वर पाहून हात जोडते झाले.

सुमेधानं आधी आईला फोन लावला.

"आई, तुमचा प्रभाग सुटलेला नाहीये. आकडा चुकलाय. माझ्याकडून. हवा होती तशीच आहे, घाण. तू बागेत जाऊ नकोस."

तिला वाटलं, आई आता रडणार. हे मोकळं फिरणं तिच्याकडून काढून घेणारी आपण कोण?

"म्हणजे," आई म्हणाली, "माझा खोकला खरा होता तर."

"हो."

"अगं, मी आपलं स्वतःलाच रागावत होते! म्हटलं, हवा स्वच्छ, सगळे मजेत हसतायत, आणि मीच मेली खोकतेय. आणि त्या क्लबातल्या शहाण्यांनी मला मागं उभं केलं! थांब, सांगतेच त्यांना." मग आवाज खाली आला. "एकवीस दिवस झाले ना पण. झाले तेवढे झाले. नवा बहावा लावलाय बागेत, तो पाहून घेतला मी." आणि शेवटी, "कुणाची चूक गं? तुला काही होणार नाही ना?"

"हळदीची," सुमेधा म्हणाली.

"उन्हात घाल," आई म्हणाली.

सुमेधा रोजचा तक्ता भरत होती, तेव्हा नाना दारात उभे होते. तिनं लिहिलं ते मोठ्यानं वाचून दाखवलं: खंडेनवमीची पूजा, वावटळ, हळद, मलमलीचं फडकं. केंद्रप्रमुखानं पटल न पाहता सही केली. इथे ती थांबली.

"थांबलासा का? माझं लिवा की."

"तुम्हाला काढतील, नाना."

"काडतील." नानांनी खांद्यावरचं फडकं सारखं केलं. "पन तुमी निस्तं तुमचंच लिवलं, तर लोक म्हननार, म्याडमनी हळदीचा हात पुसला पांढरीला. तुमाला सैपाक येत न्हाई ह्ये समद्यांला ठावं हाय. कोन इस्वास ठिवंल?"

तिनं त्यांचं नाव लिहिलं. डोळ्यांचंही लिहिलं, पाठ केलेल्या तक्त्यासकट. पटल काळ्या पिशवीत घालून, पेटीला लाख लावून परदेशातल्या तपास समितीकडे पाठवलं, आणि कपाटातलं राखीव पटल क्रमांक चार बाहेर काढलं. चौकशी पुरी होईपर्यंत नानांना कुंपणाच्या आत यायला मनाई झाली.

राखीव पटलाच्या आकड्यांशी दक्षिण अमेरिकेचे आकडे जुळत असल्यानं दुरुस्ती आठवड्यात लागू झाली. एकाच दुपारी चारशे बारा शहरांची हवा बिघडली. सुटलेले प्रभाग पुन्हा अडकले. कुठल्याशा वाहिनीवर एका माणसानं सुमेधाला राष्ट्रद्रोही म्हटलं आणि दुसऱ्यानं हळदीला. पुण्यात हास्य क्लब बंद झाला. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी तो बंद व्हायच्या आधीच पुढच्या रांगेला चार शब्द सुनावले होते, असं समजलं.

पांढरमाळावर सुमेधा एकटी पटल काढू-ठेवू लागली. गोधडी नानांसारखी घडी होईना. तीन घड्या आडव्या आणि एक उभी, की उलट, हे तिला एकोणीस वर्षांच्या कुठल्याच नोंदीत शोधून मिळालं नाही.

नानांना तिनं डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. आधी उजवा झाला, मग तीन आठवड्यांनी डावा. पिवळ्या पडलेल्या नैसर्गिक भिंगाच्या जागी नवं, स्वच्छ भिंग. दुसरी पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी एकला, नाना कुंपणाबाहेर येऊन उभे राहिले.

"आत येत न्हाई, म्याडम. निस्तं बगतो."

सुमेधानं पटल दोन्ही हातांनी उचलून तारेपाशी धरलं. नानांनी पापण्या मिटल्या, उघडल्या.

"ही निळसर का दिसती?"

"निळसर नाहीये. पांढरी आहे. तुम्हाला बरीच वर्षं निळा मिळालाच नव्हता, म्हणून तसं वाटतंय. जाईल थोड्या दिवसांनी."

"मग आजपातुर म्या काय बगत हुतो?"

वारं सुटलं होतं, म्हणून सुमेधानं पटल छातीशी धरलं. नाना माळ बघत होते, टाकी बघत होते. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि बघतच राहिले.

"म्याडम, तुमी पार पिकलासा की!"

"काय?"

"क्यास. मला वाटायचं, तुमी म्येंदी लावताय."

ती हसली. मग तिला हसू आवरेना. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना दोन पांढऱ्या डोक्यांची माणसं हसत राहिली, आणि वायुदर्शी वरून जाऊन त्याची नोंद न करता निघून गेला.

"गोधडी कशी घालता हो तुम्ही?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"आदी उभी," नाना म्हणाले. "मग तीन आडव्या. आन् तुमी ती उलटी धरलीया."

समितीचा अहवाल फेब्रुवारीत आला. एकशे चाळीस पानांचा होता. त्यात पांढरमाळाचा भूगोल होता, खंडेनवमीच्या प्रथेवर दोन पानी परिशिष्ट होतं आणि हळदीच्या रेणूचं रंगीत चित्र होतं. शेवटच्या पानावर निष्कर्ष: पटलाच्या पृष्ठभागावर हळद किंवा तत्सम पदार्थ आढळला नाही, दोषाचं कारण सिद्ध होत नाही, संबंधित कर्मचाऱ्याची दृष्टी आता उत्तम असल्यानं त्यास कामावर घेण्यास हरकत नाही.

तळटीप बारीक अक्षरात होती. नानांनी ती चष्म्याशिवाय वाचायचा प्रयत्न केला. इंग्रजी आहे म्हणून कागद परत दिला. सुमेधानं वाचून दाखवली. परदेशातल्या विमानतळावर कस्टमच्या लोकांनी लाख फोडून पेटी उघडली होती. एवढ्या लांबून कुणी नुसता पांढरा चौकोन कशाला पाठवेल, हे ठरेपर्यंत त्यांनी तो पिशवीतून काढून अकरा दिवस खिडकीत ठेवला होता.

खिडकी दक्षिणेकडे होती, दिवसभर उन्हाची.